नाव नसलेली फाइल

त्या फोनच्या मागच्या झाकणाखाली बारीक स्विचांची एक ओळ आहे. एकेक स्विच तांदळाच्या कणीएवढा. नखाने सरकत नाही, टाचणीचं टोक लागतं. वर सरकवलेला स्विच म्हणजे चालू, खाली म्हणजे बंद.

त्या ओळीतला माईकचा स्विच खाली होता.

मी त्याला हात लावला नाही. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग माझ्या मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवला. पुढे कधीतरी माझाच माझ्यावर विश्वास बसणार नाही, हे तेव्हाच लक्षात आलं होतं.

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या माहेरी, माझ्यासमोर झालं. पितृपक्षातला शनिवार होता. घाटनांदूरहून धर्मापुरीकडे जाताना रस्त्याच्या आत आमची वस्ती आहे. स्लॅबचं घर, पुढे पत्र्याचं शेड, शेडमध्ये दोन म्हशी. रात्र नव्हती. दिवेलागणीचा सुमार होता. घरातले सगळे जागे होते, दार सताड उघडं होतं.

मी अंबाजोगाईला एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. जे मोजता येतं तेवढ्यावरच बोलायची मला सवय आहे. ह्या घटनेतलं जेवढं मोजता आलं तेवढं मोजलं. बाकीचं जसं झालं तसं लिहिते आहे.

अजूनही दिवेलागणीच्या वेळी मी खोलीच्या दाराकडे पाठ करून बसत नाही.

माझा धाकटा भाऊ अभिमन्यू. घरात त्याला अभी म्हणायचे.

दुकानात मिळतो तसला फोन त्याला नको असायचा. त्याने एक परदेशातून मागवला होता. आपल्या फोनात असते ती सिस्टिम त्यात नव्हती, लिनक्स होतं, कॉम्प्युटरवर चालतं ते. तो फोन चालायचा कमी आणि दुरुस्त व्हायचा जास्त. अण्णा, म्हणजे आमचे वडील, म्हणायचे की ह्याच्यापेक्षा एक म्हैस घेतली असती तर निदान शेण तरी मिळालं असतं.

अभी हसायचा. झाकण काढून पुन्हा टाचणी घेऊन बसायचा. कॅमेरा आणि माईक ह्यांचे स्विच तो एरवी बंदच ठेवायचा. आपलं बोलणं कुणी का ऐकावं, असं त्याचं म्हणणं होतं.

आमचा ट्रॅक्टर दरवर्षी ऊसतोडीच्या टोळीबरोबर कर्नाटकात जातो. त्या हंगामात ट्रॅक्टरवर अभी गेला. निघताना त्याने हा फोन मायला दिला, स्वतःकडे साधा बटणांचा ठेवला. माय उंबऱ्याच्या आत उभी होती, तो बाहेर. फोन नीट चालतो का ते तो पाहत होता. त्याने रेकॉर्डर लावला आणि मायला काहीतरी बोलायला सांगितलं. काय बोलू, असं ती म्हणाली. तेवढ्यात रस्त्यावरून टोळीतल्या दुसऱ्या ट्रॅक्टरचा हॉर्न आला.

त्याने फोन तिच्या हातात दिला. बंद करू नको, मी ह्याच्यावरच फोन करीन, एवढं सांगून तो पळाला.

रेकॉर्डर तसाच चालू राहिला.

माईकचा स्विच वर करायचा राहून गेला.

त्याचे फोन यायचे. पण माय बोलायची ते त्याला ऐकू जायचं नाही. तो तिकडून विचारायचा, "माय, बोल की गं. बोलत कावून न्हाईस?" आणि ही इकडे घसा कोरडा पडेपर्यंत बोलत असायची. मग तो अण्णांच्या फोनवर करायचा. रेंजचं काहीतरी असेल, घरी आल्यावर बघतो, असं म्हणायचा.

तो घरी आला नाही.

हंगाम संपत आला असताना तो तिथल्या नदीवर ट्रॅक्टर धुवायला गेला. ट्रॅक्टर काठावर सापडला. चपला सापडल्या. घडी घातलेला शर्ट सापडला. कोळ्यांनी खूप खालपर्यंत जाळी टाकली.

अभी सापडला नाही.

त्या दिवसापासून मायने तो फोन एकदाही बंद केला नाही. त्याच्यासाठी घरात इन्व्हर्टर आला. शेतात जाताना ती तो पदरात बांधून न्यायची. अण्णांनी रोज सकाळी आपल्या फोनवरून एकदा त्याच्यावर रिंग द्यायची, वाजतो का ते बघायचं, हा नेम झाला.

आणि रोज दिवेलागणीला ती दारात उभी राहायची. बाहेर बघून हाक मारायची.

"अभी, ये रे जेवायला."

पहिल्या वेळी मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली की फोनवर आपलं त्याला ऐकू जात न्हाई, म्हणून तोंडानं बोलावते. हाक मारली की आत जाऊन ती त्याचं ताट वाढायची. सकाळी ते म्हशीला घालायची.

वस्तीवर बोलणी व्हायचीच. शेजारच्या जानकीबाई तर तोंडावर बोलायच्या. विमल, तू त्या फोनवर खुडूक कोंबडीवानी बसली हायस, असं त्या एकदा म्हणाल्या. माय शेंगा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पिल्लू निघालं की आधी तुझ्याच अंगणात सोडीन."

जानकीबाई हसल्या. माय हसली नाही.

अण्णांचं वेगळं चालू होतं. ज्याचा देह मिळत नाही त्याच्यासाठी आमच्याकडे पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा माणूस करतात. त्याला अग्नी देतात. मग दिवस घालतात. ते केल्याशिवाय तो माणूस ना इकडचा ना तिकडचा, असं मानतात. गुरुजींनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. अण्णा दर पितृपक्षात मायजवळ विषय काढायचे. ती उठून जायची.

त्यांनी जबरदस्ती कधी केली नाही. तिने हो म्हटल्याशिवाय मी पळसाला हात लावणार नाही, असं ते म्हणायचे. पण गेल्या वर्षापासून त्यांच्या छातीचं दुखणं वाढलं होतं. शेडपर्यंत जाऊन आले तरी दम लागायचा. आपण गेलो तर पोराचं करायला कुणी उरणार नाही, ही एकच गोष्ट त्यांच्या डोक्यात होती.

मला ते फोनवर म्हणायचे, तू बोल तिच्याशी.

मी म्हणायचे, बघते.

मी कधीच बोलले नाही. काय बोलायचं ते माझं ठरलेलं नव्हतं.

त्या शनिवारी सकाळी मायने अण्णांच्या फोनवरून मला लावला.

"नंदे, फोन वाजंना."

तिचा आवाज एकदम सपाट होता. अण्णांनी रिंग दिली तर स्क्रीन एकदा उजळते आणि विझते, आवाज येत नाही, कसलीतरी इंग्रजी पाटी येते. मी पाटीचा फोटो मागवला. त्यावर लिहिलं होतं की डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही.

हे काही मोठं नव्हतं. लॅपटॉप आणि केबल घेऊन मी दुपारच्या गाडीने निघाले.

घरी पोचले तेव्हा माय फोन मांडीवर घेऊन बसली होती. मी हात पुढे केला, तर तिने आधी विचारलं की बंद तर करणार नाहीस ना. मी नाही म्हणाले. मग दिला.

अशा फोनची जागा दोन भागांत विभागलेली असते. त्यांना पार्टिशन म्हणतात. एक मोठा, आपल्या फोटोंसाठी आणि गाण्यांसाठी. एक लहान, सिस्टिमच्या स्वतःच्या कामासाठी. मोठा भाग जवळजवळ रिकामा होता. लहान भाग काठोकाठ भरला होता. कॉल आला की त्याची नोंद ह्या लहान भागात लिहिली जाते. लिहायला जागाच नाही, म्हणून कॉलचं ॲप वाजायच्या आधीच बंद पडत होतं.

मी केबल जोडली. अभीने एकेकाळी उतरवून ठेवलेली जुन्या प्रोग्रॅमची पॅकेजेस काढली. सिस्टिमच्या जुन्या नोंदी काढल्या. थोडी जागा मोकळी झाली. अण्णांना रिंग द्यायला सांगितलं.

फोन वाजला.

मायने डोळे मिटले आणि उघडले. मग चहा ठेवायला आत गेली.

तिथेच मी लॅपटॉप मिटायला हवा होता. पण जागा फारच थोडी सुटली होती. काही आठवड्यांत पुन्हा भरली असती. ती कशाने भरते ते शोधणं भाग होतं.

वापरलेली जागा मोजायच्या दोन पद्धती आहेत. एकीत पार्टिशनलाच विचारायचं, किती भरलं आहेस. दुसरीत त्यातल्या सगळ्या फाइली एकेक मोजून बेरीज करायची. दोन्ही आकडे साधारण सारखे यायला हवेत.

आले नाहीत.

फाइलींची बेरीज अगदी कमी होती. निम्म्याहून अधिक जागा कशाने भरली होती, ते कुठल्याच यादीत नव्हतं.

मी घाबरले नाही. ह्याचं कारण मला माहीत होतं. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर मी हे पाहिलं आहे. एखादा प्रोग्रॅम एखादी फाइल उघडून बसलेला असतो, आणि मधेच आपण ती फाइल पुसतो. तिचं नाव जातं. यादीतून ती जाते. पण ज्याने तिला धरून ठेवलेलं असतं तो सोडत नाही, तोवर ती जागा सोडत नाही. फोन रीस्टार्ट केला असता तर ती आपोआप गेली असती.

अभी निघाला त्या दिवसापासून हा फोन रीस्टार्ट झालाच नव्हता.

कोणी काय धरून ठेवलं आहे ते मी पाहिलं. एकच नाव आलं. रेकॉर्डर.

अण्णा बाजेवर बसले होते. मी विचारलं की ह्यातलं काही पुसलं होतं का. त्यांना आठवलं. पहिल्या वर्षी स्क्रीनवर एक लाल ठिपका दिसत राहायचा, तो मायला बघवत नव्हता. त्यांनी शोधून एक फाइल होती ती पुसली. ठिपका काही गेला नाही. मग तसंच सोडून दिलं.

एवढंच होतं. रेकॉर्डर अभीने लावला, अण्णांनी फाइल पुसली, रेकॉर्डर लिहीतच राहिला. इतकी वर्षं घरातले आवाज भरत गेले. मी अण्णांना तसं समजावूनही सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे आमचं सगळं भांडण त्याच्यात असंल. आणि थोडं हसले.

मग मी झाकण उघडलं. माईक खराब आहे का ते बघायला.

आणि स्विच खाली दिसला.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. तो स्विच बंद असला की माईकची तारच तुटते. प्रोग्रॅमला काही करता येत नाही. रेकॉर्डर चालू राहील, पण त्याच्यापर्यंत पोचेल ती निव्वळ शांतता. आणि ज्या पद्धतीने हा रेकॉर्डर लिहीत होता, तिच्यात शांततेला जागा लागत नाही म्हटलं तरी चालेल. कितीही वर्षांची शांतता असली तरी ती ह्या लहान भागात सहज मावली असती.

पार्टिशन भरलं होतं.

म्हणजे फाइलमध्ये शांतता नव्हती.

मी चहा प्यायले. कप बाजूला ठेवला. हात स्थिर होते, हे मी मुद्दाम पाहिलं.

नाव नसलेली फाइलही वाचता येते. धरून बसलेल्या प्रोग्रॅमच्या हातातून तिची एक प्रत काढता येते. मी ती प्रत लॅपटॉपवर घेतली. मूळ फाइलला धक्का लावला नाही. कानात इअरफोन घातले आणि आवाजाचा आलेख उघडला.

सपाट रेघ.

आलेख पुढे सरकवला. सपाट रेघ.

मग...

रेघेवर एक लहानसा उंचवटा आला. पुन्हा सपाट. पुन्हा उंचवटा. सारख्या अंतराने, आलेखाच्या टोकापर्यंत. मी दोन उंचवट्यांमधलं अंतर काढलं.

एक दिवस.

त्यातला अगदी पहिला मी ऐकला.

आधी काहीच नव्हतं. मग जवळून, दारातून बोलावं तसं...

"आलो, माय."

अभीचा आवाज होता.

मी तो थांबवला. पहिलाच विचार आला की हा निघायच्या दिवशीचा तुकडा असेल आणि काही बिघाडाने तोच पुन्हा पुन्हा लिहिला गेला असेल. ह्याला तपासायची सोपी रीत आहे. एकच तुकडा असेल तर प्रत्येक उंचवटा हुबेहूब सारखा दिसेल.

मी काही उंचवटे एकावर एक ठेवून पाहिले.

एकही दुसऱ्यासारखा नव्हता.

कधी तो घाईत बोलत होता. कधी आधी खाकरत होता. थंडीच्या दिवसांतल्या एकात आवाज बसलेला होता. एकात तो नुसतं "आलो" म्हणाला, कंटाळून म्हणायचा तसं.

आणखी एक गोष्ट. त्यात मायची हाक कुठेच नव्हती. अण्णांचा खोकला नव्हता, म्हशी नव्हत्या, पत्र्यावरचा पाऊस नव्हता. ह्या घरातला एकही आवाज नव्हता. फक्त तो होता.

"आलो, माय" नंतरही उंचवटा संपत नव्हता. मी ऐकत राहिले.

पावलं...

बाहेरच्या शहाबादी फरशीवर अनवाणी पावलं. ओली. प्रत्येक पाऊल उचलताना फरशीवरून पाणी सुटल्याचा आवाज. ती जवळ येत होती. अगदी जवळ आली.

आणि थांबली.

तिथे खूप वेळ काहीच नव्हतं. मग तीच पावलं परत गेली.

मी दुसरा दिवस ऐकला. तिसरा ऐकला. मधले काही सोडून पुढचे ऐकले. रोज तो येत होता. रोज उंबऱ्याशी थांबत होता. रोज परत जात होता.

आलेखाच्या शेवटाकडे, म्हणजे यंदाच्या पावसाळ्यापासून, पावलं थांबल्यावर आणखी काहीतरी होतं. फार हळू होतं. मी आवाज वाढवला.

"माय... आत येता येईना गं."

मी इअरफोन काढले. मांडीवर ठेवले.

काय वाटलं, असं मला नंतर कॉलेजमधल्या एका मैत्रिणीने विचारलं. काही वाटलं नाही. भीती नाही, रडू नाही. पायांना मुंग्या आल्या की आपलेच पाय आपले वाटत नाहीत, तसं सगळं अंग झालं होतं. समोर अण्णा वैरण घेऊन शेडकडे जाताना दिसत होते. ते कोण आहेत हे मला माहीत होतं, एवढंच.

बाहेर उजेड कमी झाला होता. मायने देवापाशी दिवा लावला. मग ती दाराकडे गेली.

मला एकच सुचलं. मी फोनला जोडलेल्या लॅपटॉपवर त्या मूळ फाइलचा आकार उघडून ठेवला. आकडा स्थिर होता. दुपारपासून तो जवळजवळ तेवढाच होता.

स्विच खालीच होता. मी पुन्हा पाहिला.

माय उंबऱ्याच्या आत उभी राहिली. पदर सारखा केला.

"अभी, ये रे जेवायला."

मी आकड्याकडे बघत होते.

तो हलला नाही.

मग...

तो वाढला. आणखी वाढला. थांबला नाही.

खोलीत काहीही ऐकू येत नव्हतं. मी श्वास धरला होता. शेडमधून म्हशींचा आवाज नाही, झाडावर पाखरू नाही. बाहेरची फरशी कोरडी होती, तिच्यावर कुणी नव्हतं. आणि माझ्यासमोरचा आकडा वाढत होता, माणूस बोलायला लागला की वाढतो तसा.

मी मान वर करून मायकडे पाहिलं.

तिचा चेहरा मऊ झाला होता. तिने समोर बघून हलकेच मान डोलावली. वळली आणि ताट वाढायला आत गेली.

आकडा अजून वाढतच होता.

ती ताट घेऊन आली तेव्हा तो थांबला होता. मी तिला विचारलं की तो काही म्हणाला का.

"मग. आलो म्हणला."

"रोज म्हणतो?"

"रोज."

तिने ताट नेहमीच्या जागी ठेवलं, पाण्याचा तांब्या बाजूला ठेवला. मग ती माझ्यासमोर खाली बसली आणि बोलली. इतक्या वर्षांत ती ह्यावर बोललेली मी पहिल्यांदा ऐकत होते.

"मी येडी न्हाई, नंदे. चपला घरी आणल्या तवाच मला कळलं, पोरगं गेलं. फोन यायचा न्हाई त्याचा, ते बी म्हाईत हाय मला. पर हाक मारली की ओ देतो. तुझ्या अण्णानं त्याचं केलं की तो जाईल. मग मी हाक कुणाला मारू?"

म्हणून ती उठून जात होती. आम्हाला वाटायचं, तिला अजून आशा आहे.

मी विचारलं की आलो म्हटल्यावर तो पुढे काय करतो.

तिला प्रश्न कळला नाही. काय करील, येतो, जेवतो, असं ती म्हणाली. ती तोवर ताट वाढायला आत गेलेली असायची. पुढचं तिने कधी ऐकलं नव्हतं.

मला ते तिला ऐकवायचं नव्हतं. ओ मिळत होती, तेवढ्यावर ती जगत होती. ती खोटी नव्हती. मी फोन रीस्टार्ट करून ती फाइल घालवली असती, तरी तिची ओ बंद झाली असती असं नाही. जागा मात्र मोकळी झाली असती आणि मी अंबाजोगाईला परत गेले असते.

आणि तो रोज उंबऱ्यापर्यंत येऊन परत गेला असता.

मी इअरफोन तिच्या कानात घातले. तिचे कान गार होते. प्रतीतला शेवटचा, म्हणजे आदल्या दिवशीचा उंचवटा लावला. मूळ फाइलमध्ये नुकताच लिहिला गेलेला ऐकायचं धैर्य मला झालं नाही. आजवर झालेलं नाही.

सुरुवातीला ती ओळखीचं ऐकल्यासारखी बसली होती. तिचे ओठ त्याच्याबरोबर हलले. आलो, माय.

मग तिने भुवया उंचावल्या. ती पावलं ऐकत होती. तिची नजर पावलांबरोबर बाहेरच्या फरशीवरून दाराकडे सरकत आली.

उंबऱ्यापाशी थांबली.

तिथेच राहिली.

मला आवाज ऐकू येत नव्हता. पण तो कुठल्या क्षणी बोलला ते मला आलेखावर दिसलं आणि तिच्या तोंडावरही दिसलं. तिने हात पुढे केला. उंबऱ्याच्या दिशेने, बसल्या जागेवरून. कुणाला आत ओढून घ्यावं तसा. हात हवेत राहिला. मग पावलं परत गेली असावीत, कारण तो हात हळूहळू खाली आला.

तिने इअरफोन स्वतःच काढले.

"कवापास्नं?"

मी सांगितलं की पहिल्या दिवसापासून तो तिथपर्यंत येतो. असं बोलायला लागला तो यंदाच्या पावसाळ्यापासून.

"अन् मला वाटायचं, दार उघडं हाय म्हंजी आत येतो..." ती म्हणाली.

"ओला हाय का गं?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

मी हो म्हणाले.

ती रडली नाही. बाहेर पुरता अंधार झाला, तरी घरातला दिवा लावायला दोघींपैकी कुणी उठलं नाही. देवापाशी जळत होता तेवढाच.

मग ती उठली. वाढलेलं ताट उचललं, तांब्या उचलला. दोन्ही घेऊन दारात गेली, उंबरा ओलांडला आणि बाहेरच्या फरशीवर नेऊन ठेवलं. इतक्या वर्षांत त्याचं ताट पहिल्यांदा घराबाहेर गेलं. ताटाशेजारी ती क्षणभर वाकून उभी राहिली. त्याच जागेवरून तिने काहीतरी पुसल्यासारखा पदर फिरवला. फरशी कोरडी होती. मी दारातून बघत होते. पदराचं टोक मात्र...

ते ओलं झालं होतं.

अण्णा दुधाची बादली घेऊन शेडमधून येत होते. दम लागल्यामुळे मधेच थांबले होते. त्यांनी बाहेर ठेवलेलं ताट पाहिलं, मायकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बादली खाली ठेवली.

माय सरळ उभी राहिली.

"आवं," ती म्हणाली, "सकाळी गुरुजीकडं जाऊन या. आपल्या अभीचं करून टाकू."